साधं, पण मुकं नाही

"हात वर कर. श्वास सोड. हं, आता बघ आरशात. साधं आहे, पण मुकं नाही."

हा आवाज ताईचा. धाकटीने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. आई शिवायला बसली की गुणगुणायची,

दोरा सरला सरला, सुई रिकामी राहिली
जरा थांब माझ्या लेकी, बाही एकच लाविली

आणि गाणं खरं करायचं म्हणून की काय, धाकटीच्या राखाडी झग्याला एकच बाही लावून ती गेली. दुसऱ्या बाहीपुरतं कापड उरलं नव्हतं. ताई तेव्हा स्वतःच कुणाच्या तरी कुशीत झोपायच्या वयाची. तिने वडिलांच्या जुन्या पँटचा गडद राखाडी तुकडा काढला, त्याची दुसरी बाही केली आणि पहिल्या बाहीच्या टोकालाही त्याच कापडाची बोटभर पट्टी लावली. चुकून झालेलं मुद्दाम केल्यासारखं दिसावं म्हणून. शाळेत बाईंनी धाकटीला वर्गापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "बघा मुलांनो, याला म्हणतात दृष्टी." त्या दिवसापासून दोघी बहिणींच्या घरात गरिबीला दृष्टी म्हणायचा प्रघात पडला.

आता त्या दृष्टीची ताई खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. पोट घागरीसारखं फुगलेलं, हातपाय नुसत्या काटक्या. समोरच्या भिंतीवर खुंट्यांची रांग, आणि खुंट्यांवर पांढरं, करडं, काळं, पुन्हा करडं. ताईने उभा जन्म कापडाच्या दुकानात काउंटरमागे काढला. डाग पडलेलं, ठाणाच्या शेवटाला उरलेलं असं काही निघालं की मालक म्हणायचा, "घेऊन जा गं." ते नेहमी साधंच असायचं. फुलाफुलांचं उरत नाही. ते आधीच खपतं.

डॉक्टर काल म्हणाले होते, "उद्या सकाळी दवाखान्यात आणा. आता तिथेच ठेवू." त्या 'आता तिथेच'चा अर्थ दोघींनाही विचारावा लागला नव्हता. घरी आल्यापासून ताईला एकच घाई लागली होती. धाकटीची पुढची सगळी वर्षं आजच्या आज सजवून ठेवायची.

"तो पांढरा सदरा घाल. वरून करडं स्वेटर. अगं, सगळा खोचू नकोस, पोस्टाचं पाकीट दिसतेस. एकच बाजू खोच. डावी."

धाकटीने डावी बाजू खोचली.

"आता फिर. साधा कपडा कंटाळवाणा कुठे होतो? जिथे सगळीकडून सारखा असतो तिथे. म्हणून त्याला कुठेतरी मोडायचं. एक बाही दुमडायची, मनगट दिसू द्यायचं. खरखरीत कापडाशेजारी मऊ ठेवायचं. करड्याला करडं लावलंस तर त्या दोघी बहिणी वाटल्या पाहिजेत, जावा नव्हे. सगळं गप्प असलं की एकच गोष्ट बोलते. दोन बोलल्या की भांडण, तीन बोलल्या की बाजार."

"लिहून ठेवू का गं?"

"कागद वाचून कुणी कपडे घालतं होय? अंगाला कळायला पाहिजे. मी नसले की चार दिवसांत तुझं गाठोडं होणार, मला ठाऊक आहे."

"होऊ दे. आता या वयात माझ्याकडे बघतंय कोण?"

"अख्खं चष्म्याचं दुकान बघतं."

ते खोटं नव्हतं. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांना आरशासमोर बसवायचं, एकेक फ्रेम नाकावर ठेवायची आणि खरं वाटेल असं काहीतरी बोलायचं. ती सकाळी दारातून आत आली की चष्मेवाला काच पुसायचं थांबवून विचारायचा, "आज ताईंनी काय केलंय बघू?" त्याच काळ्या स्कर्टवर कधी पट्ट्याऐवजी पांढरी दोरी असायची, कधी सदऱ्याला एकच वेगळं बटण. तरुणपणी एक हिशेबनीस तिथे वरचेवर चष्मा सैल झाला म्हणून यायचा. "तुमच्याकडे पाहिलं की डोळ्यांना आराम पडतो," असं म्हणायचा. पुढे त्याने लग्न केलं ते मात्र चमचमत्या झग्यातल्या एका मुलीशी. "आरामाशी कोण लग्न करतं?" धाकटी हसून म्हणाली होती. ताई हसली नव्हती. तिने दुसऱ्या दिवशीच्या सदऱ्याची कॉलर जरा जास्तच कडक इस्त्री केली होती.

धाकटीने मनातलं कधी सांगितलं नाही. शाळा सुटली की ती ताईच्या दुकानात येऊन बसायची. एकदा फुलाफुलांचं नवीन ठाण आलं, आणि मालकाने ते टेबलावर फडकन उलगडलं. दुकानात ऊन शिरल्यासारखं झालं. धाकटी कधी उठली, कधी जवळ गेली, तिचं तिलाच कळलं नाही. तिने त्यातल्या एका फुलावर तळहात ठेवला आणि ते फूल बरोब्बर तिच्या हाताखाली मावलं. काउंटरमागून ताईचा आवाज आला, "हात काढ. ओरडतं ते. आपलं नव्हे."

तिने हात काढला. नंतर पहिला पगार झाला तेव्हाही ती त्याच टेबलाशी उभी राहिली, आणि परतली ती करडा स्कार्फ घेऊन. ताईने तो स्कार्फ डोळ्यांना लावला होता. "शिकलीस गं बाई," म्हणाली होती. तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर धाकटीचं उत्तर ठरलेलं, "छान आहे, ताई." आणि ते छान असायचंही. तेच तर अवघड होतं.

उद्या सकाळी गाडी येणार. सांगायचं तर आज. पण जिने आपली शाळा सोडून आपल्याला वाढवलं, तिला निरोपाला हे सांगायचं? की तू जे देत राहिलीस ते मला नको होतं? उपकाराच्या ताटात मीठ कमी आहे असं म्हणता येत नाही. जेवायचं आणि हात धुवायचा.

दुपार उतरली तशी वरच्या मजल्यावरची वहिनी आली. पायऱ्यांवरून आधी तिचा आवाज यायचा, मग तिचे कपडे, मग ती.

"काय म्हणतेय शाळा? ताई, मलाही शिकवा की. मी बाई नुसता पडदा दिसते."

"पडदा बरा," ताई म्हणाली. "त्याला निदान ओढून घेता येतं."

वहिनी इतकी हसली की तिला खाटेचा आधार घ्यावा लागला. मग हसू आवरून तिने काखेतली पिशवी पुढे केली. "रागावू नका हं. आमच्या सासूबाईंचा गाऊन आहे, धुतलेला. पुढून उघडतो. दवाखान्यात त्या नळ्याबिळ्या लावतात, तेव्हा बरं पडतं."

गाऊन जांभळ्या फुलांचा होता, फुलांना हिरवी पानं. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि विनयाने डोळे मिटून घेतले. वहिनी गेल्यावर म्हणाली, "ठेव तो कोपऱ्यात. माझं ठरलेलं आहे. गडद झगा, पांढरा स्कार्फ. जाताना गबाळी जाणार नाही मी. घालून बघू, आण."

धाकटीने गडद झगा आणला. डोकं गेलं, हात गेले, पण पोटापाशी झगा अडला. तिने हळूच ओढलं. ताई नकळत कण्हली.

"उसव," ताई म्हणाली. "बाजूची शिवण उसव. थोडं वाढेल."

धाकटीने कात्री घेतली, झगा उलटा करून शिवण पाहिली आणि कात्री खाली ठेवली. शिवणीत कापडच राखलेलं नव्हतं. दुसरा झगा पाहिला, लांब सदरा पाहिला. सगळ्यांची तीच गत. तुकड्यातुकड्यांतून अंगाबरोबर बेतलेलं. सैल करायला कुठे बोटभरही जागा नाही.

"काय झालं?"

"उसवून उपयोग नाही, ताई."

ताईने खुंट्यांकडे पाहिलं. आयुष्यभर तिने कापड वाचवलं होतं. या पोटाचा हिशेब तेव्हा कुणाला ठाऊक होता? मग ती म्हणाली, "आण तो पडदा."

धाकटीने एकेक हात अलगद बाहीत घातला आणि पुढून बटणं लावायला घेतली. पोटावरून फुलं ताणली गेली, गळ्यापाशी सैल पडली. सुकलेल्या चेहऱ्याखाली तो जांभळा मळा भलताच ताजा दिसत होता.

"आता मीच ओरडणार," ताई म्हणाली. "अख्ख्या दवाखान्यात." हसायला गेली आणि खोकली. खोकला थांबला तसे तिचे हात आपोआप कामाला लागले. "कॉलर आत घाल. बाही दुमड एक. वरून करडा स्कार्फ टाक, म्हणजे जरा गप्प बसेल हे."

"नको," धाकटी म्हणाली.

"अगं, नको काय? कसं दिसतंय बघ."

"नको ना, ताई. राहू दे. असंच राहू दे."

आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. ताईने मान वर करून पाहिलं. समोर धाकटी उभी: पांढरा सदरा, करडं स्वेटर, डावी बाजू खोचलेली, मनगट दिसेलशी दुमडलेली बाही. सांगितलं होतं तसंच, तंतोतंत. आणि गालांवरून पाणी चाललेलं.

"वेडी," ताई म्हणाली. "मी काही घाबरत नाही. तू कशाला..."

"त्यासाठी नाही." धाकटीने शेवटचं बटण लावलं. हात काढायचा, तो काढला नाही. "ताई, मला फुलाफुलांचं हवं होतं."

खिडकीतलं ऊन खुंट्यांवरून सरकून गेलं होतं. भिंतीवरचे कपडे आता सगळे एकाच रंगाचे दिसत होते. ताईची बोटं गाऊनची कड चाचपत राहिली. दुकानात कुणी कापड विचारायला आलं की चाचपायची तशी, पोत कळावा म्हणून.

"कधी?" तिने विचारलं.

"कायम."

ताईने मान हलवली. म्हणजे हो की नाही, ते कळलं नाही. तिने पोटावरचं एक जांभळं फूल चिमटीत धरून उचललं. "असलं?"

"असलं नाही. लाल. पिवळ्यावर लाल."

ताईची चिमूट सुटली. ते ठाण, ते टेबल, तो फुलावरचा हात तिला आठवला की नाही, तिच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, आयुष्यभर गिऱ्हाइकांना म्हणाली होती त्याच आवाजात, हलकेच, माप विचारावं तसं,

"केवढी?"

धाकटीने डोळे पुसले. मग दुमडलेल्या बाहीतला हात पुढे केला आणि तळवा उघडून बहिणीसमोर धरला. बोटं आता सुरकुतलेली, सांध्यांत जाड झालेली.

"एवढी," ती म्हणाली. "तेव्हाच्या हाताएवढी."