तेलाचा तवंग

"जेवायला येताय का, का भात त्या इंजिनालाच भरवू?" बोंगसुन बांधावरून ओरडली. "सूप गार झालं, आन् तुम्ही आपलं त्याच्या बुडाशी बसलाय!"

"आलो म्हटलं ना."

"कवा? भरती आल्यावर?"

तिच्या नवऱ्यानं, म्हाताऱ्या ग्वांगिलनं, मान वर केली नाही. पाणी पार लांब गेलं होतं आणि त्याची होडी काळ्या चिखलात टेकून बसली होती. सकाळी त्यानं मागचं इंजिन वर उचलून ठेवलं होतं, आणि आता त्याचा पंखा पुन्हा चिखलात रुतला होता. बटण दाबलं की पंप घरघरायचा, पोलादी दांडा बाहेर सरकायचा, इंजिन वर यायचं आणि थोड्या वेळानं आपसूक खाली बसायचं. दांड्याच्या मुळाशी तेल पाझरत होतं. ते बोटानं पुसावं, तर लगेच पुन्हा हजर.

नुसतं इंजिन खाली बसण्याचा प्रश्न असता, तर ते दोरीनं बांधून भागलं असतं. पण तेल कशानं बांधणार? ज्या होडीतून तेल गळतं ती गिमच्या शेतात न्यायची नाही, हा बेटावरचा पक्का नियम होता. पाण्यात ताणलेल्या जाळ्यांवर वाढणारं ते खायचं काळं शेवाळ, गिम, विकूनच अख्खं गाव जगायचं, आणि एका होडीच्या तवंगानं शेजारपाजारच्या सगळ्यांची जाळी नासायची. दुसरा नियम असा, की ज्याचा त्या शेतात वाटा त्यानं हंगामाच्या पहिल्या मोठ्या भरतीला स्वतःच्या होडीतून जाळं टाकायचं. चुकलं की वाटा गेला. तरणी माणसं रांगेत उभी होती, त्यामुळे म्हाताऱ्याचा गेलेला वाटा परत मिळाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आणि ती भरती उद्यावर आली होती.

दुपारी दोंगहक आला. मच्छीमार संस्थेचा तो म्होरक्या, पण ग्वांगिलला लहानपणापासून दादा म्हणायचा. येताना मुख्य जमिनीवरच्या दुकानातून दांड्याभोवती बसवायचं नवं रबरी सील घेऊन आला होता.

"घ्या दादा. हे शेवटचं हुतं. दुकानदार म्हणतो, ह्या इंजिनाचे भाग कंपनीनं कवाच बंद केलं. सील घासाघीस करून मिळालं, दांडा काय कुटं मिळायचा न्हाई."

"सील बसलं म्हंजी झालं. दांड्याला काय धाड भरलीय?"

दोघांनी मिळून झाकण उघडलं. जुनं सील बाहेर आलं ते कातरलेलं. त्याच्या आधीचंही असंच कातरलं होतं. ग्वांगिलला तेव्हा वाटलं होतं, माल खोटा असेल. आता मात्र त्यानं दांडा पुसला आणि त्यावरून नख फिरवलं. नख अडलं. थोडं पुढे पुन्हा अडलं.

दोंगहकनंही नख फिरवलं. "दादा, ह्यो गंज न्हाई. कुणीतरी टोकदार कायतरी घेऊन खरवडलंय. कितीबी सीलं घाला, हे वरखडे ती कापत ऱ्हाणार. कुणाचं काम म्हणायचं हे?"

तेवढ्यात बोंगसुन चिखल तुडवत आलीच. डोक्यावर थाळा, गुडघे धरून धरून चाललेली.

"तुम्ही येत न्हाई म्हणून मलाच यावं लागलं. घे दोंगहक, तू बी घे." तिनं दांड्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "बघितलंस कसा लखलखतोय? ह्ये उन्हाळ्यात मोडका खुबा घेऊन दवाखान्यात पडलं, आन् हिकडं इंजिन पाण्यातच. दगडावर चिकटतात तसली कवचं चिकटली हुती सगळीकडं. कुणाला सांगू? रोज ओहोटीला आले आन् कालवं फोडायच्या आकडीनं एकेक कवच खरवडून काढलं. एक ठेवलं न्हाई."

दोंगहकनं आ वासला. "वैनी, तुम्ही—"

"जेव आधी!" ग्वांगिल खेकसला, आणि त्यानं किमचीचं भांडं त्याच्याकडे ढकललं. "बोलत काय बसलास?"

बोंगसुन हसत हसत माघारी गेली. ती बांधापलीकडे गेल्यावर दोंगहकनं विचारलं.

"दादा, वैनीला सांगायला नगं?"

"काय सांगू? गुडघं मोडून, चिखलात बसून तिनं जे केलं, त्यानंच आपला वाटा जायची पाळी आली म्हणून सांगू? हितनं पुढं तिच्या घशाखाली घास उतरंल का? तू तोंड उघडशील तर याद राख."

त्यांनी दांडा बारीक कागदानं घासला. वरखड्यांत लोखंडी लेप भरला, सुकू दिला, पुन्हा घासला. नवं सील बसवलं, नवं तेल ओतलं. इंजिन वर गेलं आणि वरच राहिलं. ग्वांगिल बराच वेळ खाली वाकून बघत बसला. मुळाशी कोरडं होतं. कधी नव्हे ती आशा वाटली त्याला, आणि आशा वाटली म्हणून भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर सगळं गाव जमलं. जाळी भरून होड्या तयार होत्या. रिवाजाप्रमाणे इंजिनाखाली स्वच्छ पाण्याचा टब ठेवून एकेकाची तपासणी झाली. ग्वांगिलची पाळी आली. दोंगहकनं स्वतः बटण दाबलं. वर, खाली, वर, खाली. टबातलं पाणी नितळ होतं. बोंगसुननं शेजारणीचा हात घट्ट धरला.

मग एक थेंब पडला. पाण्यावर रंगीत तवंग हळूहळू पसरत गेला, काठापर्यंत.

दोंगहकनं मान खाली घातली. "दादा, नियम तो नियम."

"नवं सील घातलं हुतं न्हवं?" बोंगसुन पुढे झाली. "मग गळतं कसं?"

सगळे ग्वांगिलकडे बघू लागले. त्यानं खिशातून फडकं काढलं आणि उगीचच बोटं पुसली.

"झाकण आवळलं गेलं न्हाई. हातात जोर ऱ्हायला न्हाई आता."

"मग दोंगहकला सांगायचं! तोंड शिवलं हुतं काय तुमचं?"

"लाज वाटली."

"लाज वाटली!" बोंगसुनचा आवाज चिरकला. "ऐका गं बायांनो! मी बाईमाणूस, उन्हाळाभर त्या चिखलात मरत हुते, मशीन खरवडून खरवडून आरशावानी राखलं, आन् ह्यास्नी एक झाकण आवळाया जमलं न्हाई! चाळीस वर्सांचा वाटा घालवला, लाज वाटली म्हणं!"

धक्क्यावरच्या जुन्या माणसांना इंजिनातलं कळत होतं. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं, दांड्याकडे पाहिलं, आणि एकेक जण आपापल्या होडीकडे वळला. दोंगहकला राहवेना. "वैनी, दादांचा काय—" एवढं तो म्हणाला, पण ग्वांगिलनं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं त्यानं गिळलं. होड्या निघाल्या. गिमच्या शेतात ग्वांगिलच्या शेजारची जागा ज्याची होती, त्यानं जाता जाता वाकून नमस्कार केला. तो नमस्कार ग्वांगिलला सगळ्यांत जास्त लागला.

त्यानं न टाकलेलं जाळं होडीतून काढलं, गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि चढ चढू लागला. बोंगसुन पुढे चालली होती. अर्ध्या चढावर ती थांबली. रडून तिचे डोळे लाल झाले होते, पण राग ओसरला होता. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"मला का न्हाई सांगितलं हो, हात गेलं म्हणून? एवढी का मी परकी?"

त्यानं खांद्यावरचं जाळं सारखं केलं.

"द्या हिकडं."

"अगं, असू दे, जड हाय ते."

"म्हणूनच म्हणतेय. हात गेलं ना तुमचं?"

ग्वांगिलच्या हातांना काही म्हणता काही झालेलं नव्हतं. तो जाळं धरून क्षणभर उभा राहिला. मग त्यानं ते तिच्या खांद्यावर दिलं आणि ती गुडघे धरत चढू लागली तसा तिच्या मागोमाग रिकाम्या हातांनी चालत राहिला.