फळीवरचा पेला

अकोल्याला मुक्काम करायचा तो पार्बताबाईकडेच, हे माझं लग्नाआधीपासूनचं व्रत. बायकोनं एकदा तोंड वाकडं करून विचारलं, "त्या बाईच्या भाकरीत असं काय हाय?" मी म्हटलं, "भाकरीत नाई, फळीवर हाय." तिला काही कळलं नाही, आणि मलाही ते धड सांगता आलं नाही.

माझा धंदा स्टोव्ह विकण्याचा. अमरावतीच्या एका पेढीचा मी फिरता माणूस. मूर्तिजापूर, अकोला, अकोट, की परत. या फिरतीत नाही नाही त्या लॉजांमधले ढेकूण मी अंगावर घेतले आहेत. पार्बताबाईचं लॉजिंग-बोर्डिंग कापूस बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. वर झोपायच्या खोल्या, खाली जेवणाची पडवी आणि पडवीला लागून स्वयंपाकघर. बाई मूळची अकोटकडची. नवरा गेला तेव्हा दिरांच्या दारात बसायचं नाकारून तिनं ही खाणावळ काढली. आवाज असा खणखणीत की रस्त्यावरचा टांग्याचा घोडासुद्धा थबकावा. मामलेदार येवो की मुनीम, तिचं एकच म्हणणं: "इथं दोनच जाती. जेवनारे आन् जेवलेले."

तर ती फळी. नवा माणूस तिथं ॲल्युमिनियमच्या गिलासात पाणी प्यायचा. जुनाही त्यातच प्यायचा. पण एखादा माणूस वर्षानुवर्षं येतच राहिला, ताटात टाकलं नाही, पलीकडे स्वस्त मिळतं म्हणून तिकडे पळाला नाही, तर एक दिवस बाई बाजारातून नवा पितळी पेला आणायची आणि कासाराकडून त्यावर त्या माणसाचं नाव घालून घ्यायची. आपल्याकडे भांड्यावर नाव पडतं ते लग्नात, नाहीतर बारशाला. म्हणजे घरच्याच माणसाचं. खाणावळीत गिऱ्हाइकाच्या नावाचं भांडं मी दुसरीकडे कुठंच पाहिलं नाही. तो पेला स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथा राहायचा. त्याला दुसऱ्या कोणाचा ओठ लागायचा नाही. तुम्ही आलात की थेट आत जायचं, आपला पेला उचलायचा, माठातलं पाणी तिथंच प्यायचं आणि पेला परत पालथा घालायचा; पंगतीत मात्र सगळ्यांना गिलासच. न्हाणीतलं पहिलं ऊन पाणी तुमचं, चुलीवरची पहिली भाकर तुमची, आणि पाहुण्यांनी लॉज फुटायची वेळ आली तरी तुमची खोली तुमची.

हा मान मागून मिळत नसे. एका सरकीच्या व्यापाऱ्यानं घाई करून आपल्या घरचा चांदीचा गिलास आणून दिला होता. बाईनं तो त्याच्याच पिशवीत परत टाकला. म्हणाली, "चांदी ठेवली का चोर येते जी. मले झोप लागत नाई."

माझा पेला समोर आला त्या दिवशी बाई एक शब्द बोलली नाही. ताटाशेजारी ठेवला आणि गेली. मी 'वामनराव' ही अक्षरं वाचली आणि मला जेवणच सुचेना. नुसतं पाणी पीत बसलो. सरकारनं शाल घातली असती तरी छाती एवढी फुगली नसती. अकोटचे बांगड्यांचे व्यापारी अब्दुल गफ्फार यांचा पेला माझ्या आधीचा. त्यांचं नाव बाईनं उर्दूत घालून घेतलं होतं. ते म्हणायचे, "घर में तो पोते मेरा गिलास उठा ले जाते, वामनराव. यहाँ कोई हाथ नहीं लगाता."

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर भगवंतराव तायडे पहिल्यांदा आले. सहकार खात्यात इन्स्पेक्टर, नोकरी अमरावतीला, गाव तिवशाकडचं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "बाई, आधीच सांगतो. आमी बौद्ध हाओ. नागपूरले दीक्षा घेतली. चालत असन तर राहीन."

बाई परातीत पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "मले एवढंच सांगा, भाकर का पोळी?"

"भाकर."

"मंग बसा."

तायडे बसले ते दाराजवळ. ती जागा कोणीच घेत नसे. धूळ तिथं, वारा तिथं, कुत्री हुंगायला येतात ती तिथं. पुढंही प्रत्येक खेपेला ते तिथंच बसत. आम्ही जुनी मंडळी "बाई, ठेचा!" म्हणून थेट चुलीपर्यंत घुसायचो. तायडे कधी स्वयंपाकघराच्या दिशेनं मानसुद्धा वळवत नसत. पाणी हवं असलं तरी कोणी इकडे येईपर्यंत थांबत. हिवाळ्यात बाई म्हणायची, "आत या जी, चुलीपाशी ऊब हाय." त्यांचं उत्तर ठरलेलं: "इथंच बरं हाय."

त्यामुळे आतली फळी त्यांनी कधी पाहिलीच नाही. आणि आम्ही मानकरी लोक त्या फळीबद्दल बोलत नसू. बोललं की उतावळे लोक चांदीचे गिलास घेऊन येतात.

माणूस कमी बोलणारा, पण माझ्याशी जमलं. एका संध्याकाळी ओट्यावर पान खाताना त्यांनी आईची गोष्ट काढली. सुंदराबाई नाव तिचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अकोल्याचा डॉक्टर चांगला, पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही दिवस इथं राहावं लागणार, आणि म्हातारी काही केल्या येईना.

"माय म्हनते, शयरात मी कोनाच्या दारात बसू? कोन मले वरून पानी वाढन?" तायडे म्हणाले. "जलमभर तिनं ओंजळीनंच पानी पेलं, वामनराव. लोकं वरून ओतत, माय खालून पेये. तिले वाटते, दुनियेत पानी असंच पेतात. म्या सांगतलं, माय, एक जागा पाहून राहिलो. पक्की झाली का नेतो तुले."

"पन तुमी दोन वर्षांपासून येऊन राहिले इथं. अजून पाहूनच राहिले का?"

ते हसले. "तुमी एकदा पाहता. आमाले लई खेपा पाहा लागते."

साठ सालच्या थंडीत एका दुपारी ते आले ते वेगळेच. पाय धुता धुताच मला म्हणाले, "ठरलं. पुढच्या खेपेले मायले आनतो. इथंच." चेहऱ्यावर असं हसू मी पूर्वी पाहिलं नव्हतं. येऊन बसले आपल्या जागेवर, दाराशी. पडवी भरलेली. सगळ्यांपुढे ॲल्युमिनियमचे गिलास. आणि तेवढ्यात बाई आतून आली, पदराआड काहीतरी लपवून. तायड्यांच्या ताटाशेजारी तिनं लिंबानं घासून लख्ख केलेला पितळी पेला ठेवला, पाण्यानं काठोकाठ भरलेला, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे न बोलता चुलीकडे वळली.

माझं मन भरून आलं. आपल्या पंगतीला आणखी एक मानकरी बसला, त्याचं तोंड बघावं म्हणून मी मान वळवली.

तायड्यांचं तोंड काळवंडलं होतं. त्यांनी शेजाऱ्याचा गिलास पाहिला, माझाही पाहिला, मग आपला पाहिला. बोटानं फिरवला. नाव वाचलं. ताटावरून उठले.

"पाहा, वामनराव," ते हळूच म्हणाले. "नाव बी घातलं. मंजे कोनी चुकून बी त्यात पेऊ नये."

मी धडपडत उठलो. "अवो, हा मान हाय! माहा बी हाय, गफ्फारभाईचा बी हाय. हा कोनाले बी भेटत नाई!"

"आमच्या गावच्या हॉटेलात बी मानच होता," ते म्हणाले. "कप दाराबाहेर खिळ्याले टांगलेला. मालक म्हने, तुमच्यासाठी खास ठेवला हाय. कोनी हात लावत नाई त्याले."

मी ज्या गोष्टीसाठी छाती फुगवून फिरत होतो ती बाहेरून बघितली तर तश्शीच होती. वेगळं भांडं, वर नाव, आणि दुसऱ्यानं शिवायचं नाही. समजावायला गेलं तर शब्दही तेच येत होते, त्या हॉटेलवाल्याचेच. फळी दाखवायची तर त्यासाठी त्यांनी आत यायला हवं होतं, आणि ते तर पिशवी उचलून उंबऱ्यापर्यंत गेले होते. ते गेले की त्यांची आईही काही येत नव्हती आणि तिच्या डोळ्यांपुढचा अंधारही जात नव्हता, एवढं मला लख्ख दिसत होतं.

बाई हातावर भाकर घेऊन बाहेर आली. "काय झालं जी?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. वाटलं, आता ही बाई तोंडाचा पट्टा सोडणार. पण तिनं भाकर ताटात ठेवली. खाली वाकून तायड्यांचा पेला उचलला, तोंडाला लावला आणि भरल्या पडवीत, सगळ्यांसमोर, घटाघटा पाणी प्यायली. हनुवटीवरून ओघळ पदरावर आला.

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकासमोर पाण्याचा घोट घेताना मी तिला पाहिलं नव्हतं. आणि फळीवरच्या पेल्याला परका ओठ लागू द्यायचा नाही हा कायदा तिचा स्वतःचा. तो तिनं आपल्या हातानं मोडला होता.

अर्धा पेला तिनं ताटाशी ठेवला. "आता हा उष्टा झाला. फळीवर ठेवाच्या कामाचा नाई राह्यला. दुसरा आनू, का हाच चालन?"

तायड्यांनी पिशवी खाली ठेवली, येऊन मांडी घातली, पेला उचलला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"हाच चालन," ते म्हणाले.

"मंग आत ठेवून या. मी काय तुमच्या मांगं मांगं भांडे उचलत फिरू?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे पाहिलं. गेले. मला आपली त्यांची पाठच दिसत होती. फळीसमोर उभे राहून ते एकेक नाव वाचत होते. "हे कोनाचं? वाचता येत नाई मले." "गफ्फारभाईचं," बाई म्हणाली. त्यांनी आपला पेला त्याच्याशेजारी पालथा घातला. तरी बाहेर येईनात. शेवटी बाईच ओरडली, "भाकर थंडी होऊन राहिली न भाऊ!"

पुढच्या खेपेला सुंदराबाई आली ती टांग्यातून. मूठभर म्हातारी, धुवट पांढरं लुगडं. मुलाचा हात धरून उतरली आणि उतरल्या उतरल्या ओट्याच्या खालच्या पायरीवर, उन्हात, अंग चोरून बसली.

"माय, आत चाल."

"इथंच बरं हाय," म्हातारी म्हणाली. तेच शब्द, तोच सूर. पडवीतल्या आम्हा सगळ्यांना तो ओळखू आला.

तायडे एकटे आत आले. पडवीतून सरळ स्वयंपाकघरात गेले, आपल्या घरात जावं तसे. फळीवरून आपला पेला घेतला, माठातलं पाणी भरलं आणि बाहेर गेले. म्हातारीला दिसत कुठं होतं? पावलं जवळ आलेली ऐकली आणि तिनं मान खाली घालून ओंजळ पुढं केली, तोंडाला लावून धरली, पाण्याची धार वरून पडायची वाट पाहत.

तायडे पेला धरून उभेच राहिले. गफ्फारभाईंनी हातातला घास खाली ठेवला. मी तर तिकडे बघूच शकलो नाही, आणि नजर काढूनही घेता येईना.

मग तायडे पायरीवर तिच्यापुढं बसले. तिची ओंजळ हळूच सोडवली आणि दोन्ही हातांत पेला दिला. म्हातारी तो चाचपू लागली. बोटं अक्षरांपाशी अडली.

"हे काय खडबडीत लागते रे?"

"नाव हाय, माय."

"कोनाचं?"

"माह्यं."

तिनं त्या अक्षरांवरून पुन्हा अंगठा फिरवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "तुह्यं नाव? लोकाइच्या घरच्या भांड्यावर?" पेला ओठापर्यंत नेला आणि मध्येच थांबली. भ्यालेल्या आवाजात म्हणाली, "मी कशी पेऊ बाबू? उष्टा होईन न लोकाइचा पेला."

आतून, चुलीपुढून, बाईचा खणखणीत आवाज आला. "होऊ द्या, माय! घासाले राख लई हाय."

म्हातारीनं पेला ओठाला लावला.