नागलक्ष्मीचा उशीर

मधुमिताला सगळ्यांनी माफ करून टाकलं होतं, आणि तिथंच तिची गोची झाली होती. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या, एखादी थोबाडीत ठेवून दिली असती, तर बाई निदान दोन घास सुखानं जेवली असती. पण छे! जो तो आपला तिची समजूत घालायला टपलेला.

झालं ते असं. कुंभकोणमच्या एका खासगी इस्पितळात ती अकरा वर्षं नर्स. नाचियार्कोविलच्या वसंतामामी तिच्या वॉर्डात दाखल झाल्या, पायाची जखम चिघळली म्हणून. साखरेचं दुखणं जुनं, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. ही नर्स आपल्यातलीच, तंजावरकडच्या मराठी घरातली, हे कळलं मात्र, मामींची कळीच खुलली. "काय गे, तूं आमची होय? मग इतके दिवस माझ्याशी तमिळ कशास फाडत होतीस?" त्या दिवसापासून मामींना दुसरी नर्स चालेना. मधुमितालाही बरं वाटे. आई गेल्यापासून तिच्याशी घरची बोली बोलणारं होतं कोण?

त्या दिवशी सकाळी सातला वॉर्डातली नेहमीची इन्सुलिनची बाटली संपली. स्टोअरवाल्यांनी दुसरी पाठवली. दिसायला तशीच, पण आतलं औषध अडीचपट कडक. या कडक औषधाची सिरिंज वेगळी असते, नारिंगी टोपणाची. मधुमितानं सवयीनं नेहमीचीच, लाल टोपणाची उचलली आणि वीसच्या रेघेपर्यंत भरली, म्हणजे वीसच्या जागी पन्नास. नियम काय? बाटलीवरचं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्या नर्सला दाखवायचं, मगच टोचायचं. अकरा वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता. पण मामी तिच्या लग्नाच्या मागे लागल्या होत्या. "चाळीशी आली की गे, आतां कधीं करतीस?" ती हसत हसत म्हणाली, "तुम्हीच शोधा की एखादा!" आणि त्या हसण्यात सुई टोचून मोकळी झाली.

नाश्ता घेऊन साडेसातला सून यायची. नागलक्ष्मी तिचं नाव. तमिळ घरातली, मामींच्या मुलानं, साईरामनं, स्वतः पसंत करून आणलेली. मामींच्या गोतावळ्यात त्यावरून आजही नाकं मुरडतात. त्या दिवशी तिची बस चुकली आणि ती आली आठ दहाला. मामी झोपलेल्या, कपाळावर घाम. ती त्यांना हलवून उठवणार, तोच मधुमिता म्हणाली, "झोपू द्या हो, रात्रभर पाय ठणकत होता." मग काय, नर्सनंच सांगितलं म्हटल्यावर बिचारी इडलीचा डबा मांडीवर घेऊन अकरापर्यंत बसून राहिली.

अकराला डॉक्टर आले, तर अंग थंडगार. साखर पार अठ्ठावीसवर उतरलेली. धावपळ झाली, शिरेतून ग्लुकोज गेलं, जीव वाचला. पण मामी कुणाला ओळखेनात. बोलणं तर संपलंच.

दुपारी ट्रे आवरताना मधुमिताला ती बाटली दिसली आणि शेजारी लाल टोपण. तशीच बाटली घेऊन ती मेट्रन अंबुजांकडे गेली. "मॅडम, माझ्या हातून चूक झाली. मला लिहून द्यायचंय."

अंबुजांनी आधी दार लावलं. बाटली तिच्या हातातून घेतली आणि सुयांच्या कचऱ्यात टाकली. "डॉक्टरांनी लिहिलंय. इंजेक्शननंतर खायला उशीर झाला. झाला ना उशीर? मग खोटं काय आहे त्यात?"

"पण मॅडम, चूक नोंदवायचा फॉर्म असतो ना आपला—"

"फॉर्म संपलेत," अंबुजा म्हणाल्या. "आणि तू एकटी नाही बुडणार, सगळ्यांना घेऊन बुडशील. जा, तोंड धू."

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे ती खरंच गेली आणि तोंड धुऊन आली. पंधरा दिवस गप्प राहिली. डिस्चार्जच्या कागदावर छापून आलं: नातेवाइकांनी वेळेवर अन्न न दिल्यामुळे. त्याच दिवशी वॉर्डाच्या दारात मामींची बहीण नागलक्ष्मीच्या तोंडावर म्हणाली, "आपल्यातली असती तर अशी उपाशी मारती काय?" ते ऐकल्यावर मात्र मधुमिताला राहवेना.

सुट्टीच्या दिवशी ती नाचियार्कोविलला गेली आणि साईरामला सगळं सांगितलं. बाटली, सिरिंज, अडीचपट, काही म्हणजे काही ठेवलं नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. त्याचे डोळे भरून आले.

"मधुमिता, आई तुला लेक म्हणायची. नागलक्ष्मीला पाठीशी घालायला एवढं स्वतःवर घेतेस?"

"नाही हो दादा! देवाशपथ, मीच केलं!"

"डॉक्टर कागदावर खोटं लिहील का? तुझं मन मोठं, ते मला दिसतंय. पण मी ठरवलंय. या शुक्रवारी तिला आडुतुरैला माहेरी पोचवतो. आईला आता कामाची बाई सांभाळेल." एवढं बोलून त्यानं वर तिच्यासाठी कॉफी सांगितली. कॉफी! तिला वाटलं, धाय मोकलून रडावं.

तिनं पर्समधून कागद काढला. घरून लिहूनच आणला होता, तमिळमध्ये, खाली सही आणि नर्सिंगचा नोंदणी क्रमांक. मागच्या अंगणात नागलक्ष्मी मामींची चादर धूत होती. मधुमितानं काही न बोलता कागद पुढं केला.

नागलक्ष्मीनं हात पुसून तो घेतला. दोनदा वाचला. आता ही किंचाळेल, झिंज्या उपटेल, उपटू दे एकदाच्या, असं म्हणत मधुमिता उभी राहिली. नागलक्ष्मीनं कागदाची घडी घातली आणि तिच्याच हातात परत ठेवली.

"सिस्टर, असलं काही लिहून देऊ नका कुणाला. तुमची नोकरी जाईल."

"अहो, पण हे खरं आहे! तुमच्या उशिरानं काही झालं नाही. तुम्ही तर उठवत होतात त्यांना, मीच नको म्हटलं!"

"ते आठ दहाला," नागलक्ष्मी म्हणाली, लहान मुलाला समजवावं तशी. "साडेसातला त्या जाग्या होत्या ना? मी वेळेवर आले असते तर त्यांनी खाल्लं असतं. बिघडतंय हे मला दिसलं असतं."

तेही खरंच होतं. या एवढ्याशा खऱ्याला धरून नागलक्ष्मी आता जन्मभर बसणार होती, आणि ते तिच्या हातातून सोडवायचं कसं, हे मधुमिताला सुचत नव्हतं.

"मनाला लावून घेऊ नका हं," नागलक्ष्मी म्हणाली, आणि मामींना भरवायची वेळ झाली म्हणून ओल्या हातांनीच आत पळाली.