आत्याबाईंची कोरी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी ऊबपेटी आहे. दातांच्या दवाखान्यात, हात धुण्याच्या बेसिनशेजारी माझी जागा. पत्र्याचं अंग, पुढे काचेचं दार आणि पोटात माणसाच्या अंगाएवढी ऊब. स्वभाव मात्र संशयी. तुम्ही म्हणाल, पेटीला कसला आलाय स्वभाव? पण जिच्या पोटात बारा महिने लोकांची लाळ, तिने विश्वास तरी कोणावर ठेवायचा?

माझं काम सांगते. ज्यांचे दात सारखे किडतात त्यांना डॉक्टरीणबाई मेणाची गोळी चघळायला देतात. तोंडाला लाळ सुटली की प्लास्टिकची एक पट्टी जिभेवर फिरवतात, ती औषधी पाण्याच्या बाटलीत घालतात आणि बाटली माझ्या हवाली करतात. दोन दिवस मी तिला ऊब देते. दात किडवणारे जंतू असले की पट्टीवर निळे ठिपके उगवतात. ठिपके जितके दाट, तितके जंतू जास्त. "छे, मी गोड खातच नाही," असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. मी मनात म्हणते, कळेलच की!

नवी होते तेव्हा मला रोज मऊ फडक्याने पुसत. पुढे दाराचं रबर सैल झालं आणि लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले. अशा दिवसांत ती छोटी आली.

तिचे पुढचे दात काळे पडून झिजले होते. दुखतात म्हणून ती धड जेवत नव्हती. सोबत आई आणि आत्या. आई बेकरीत पहाटेच्या पाळीला जायची आणि ती परत येईपर्यंत छोटी आत्याबाईंकडे असायची. आत्याबाई घरात सगळ्यांत मोठ्या. छोटीचा बाबा बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हता.

"बेकरीतले केक आणून चारते पोरीला. दुसरं काय होणार?" खुर्चीला टेकायच्या आत आत्याबाईंनी सुरुवात केली.

"ताई, कधीतरीच आणते हो," आई म्हणाली.

"पोरीचे दात हवेत की नोकरी, ते एकदा ठरव. तुझा नवराही हेच म्हणतोय."

आईने मान खाली घातली. आपलेच दात, आपलेच ओठ; बोलणार कोणाला?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे जंतू बहुधा मोठ्यांच्या तोंडातून मुलांच्या तोंडात जातात. भरवणाऱ्या दोघींची लाळ तपासू. उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी तोंड उघडलं, तसा कसलासा उग्र, थंडगार वास माझ्या दारापर्यंत आला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोन दिवसांनी बाटल्या बाहेर निघाल्या. आईच्या पट्टीवर ठिपके होते, बेताचे, पण होते. आत्याबाईंची पट्टी कोरी करकरीत!

"मी सांगत नव्हते?" आत्याबाई म्हणाल्या.

"मी उद्या बेकरीत सांगते, सोडते म्हणून," आई पुटपुटली. तिचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, मोठ्या माणसाचं तोंड आणि एक ठिपका नाही? कुठेतरी पाणी मुरतंय!

संशय डॉक्टरीणबाईंनाही आला. पण कोणाचा? माझाच! "पेटी म्हातारी झाली. ऊब धरत नसेल," असं म्हणून त्यांनी माझ्या पोटात तापमापी घातली. इतकी वर्षं इमानाने राबले आणि शेवटी खापर माझ्याच माथी! तापमान ठीक निघालं, तशा त्या थबकल्या. "आणि पेटी बिघडली असती तर आईच्या पट्टीवर तरी ठिपके कसे उगवले? आत्याबाई, त्या दिवशी सकाळी काय केलंत?"

"काय करणार? जंतू मारायचं औषध असतं ना, त्याने खळखळून गुळण्या केल्या. परक्या माणसापुढे तोंड उघडायचं, तर स्वच्छ करून नको जायला?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "म्हणजे झडतीच्या आधीच चोरांना पळवून लावलंत की!"

गुळण्या काही दिवस बंद ठेवून पुन्हा तपासणी झाली. या वेळी ठिपके इतके दाट उगवले की पट्टी दिसेना.

आत्याबाईंनी पट्टी डोळ्यांजवळ धरून पाहिली. "मी तिला गोड देत नाही हो. सूप फार गरम तर नाही ना, ते चाखून बघते आणि त्याच चमच्याने भरवते. पोरीचं तोंड भाजू नये म्हणून..." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "म्हणजे हे मी केलं?"

"एकट्या जंतूंनी दात किडत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोडही लागतं, नीट न घासणंही लागतं."

आता आई सगळं उट्टं काढणार, असं मला वाटलं. तिला तो हक्क होता. पण ती म्हणाली, "ताई, चाखून तर मीही भरवते. उद्या पहाटे माझी पाळी आहे. छोटीला सांभाळाल ना?"

आत्याबाईंनी डोळे पुसले. "तू जा कामावर. मी चाखायला वेगळा चमचा ठेवीन."

माझा संशय खरा ठरला, पण त्या दिवशी मला त्याचा आनंद झाला नाही.

आता माझ्या जागी नवी पेटी आली आहे आणि मी जिन्याखाली पडून आहे. मित्रांनो, दात घासा, जुन्या यंत्रांना पुसत जा आणि लहानग्यांना भरवताना चमचा आधी आपल्या तोंडात घालू नका. मायेने भरवणाऱ्यांनी तर मुळीच घालू नये. त्यांच्यावर संशय घ्यायला कोणी धजत नाही.