आधी रडू, मग चपराक

मी मुद्रितशोधक. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतोय. त्यामुळे हलती चित्रं बघून डोळे पुसणाऱ्यांबद्दल मला काय वाटतं, ते विचारूच नका. माझी मुलगी त्यांतलीच. येत्या रविवारी ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार होती. तोवर तिचा लाडका ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, रोज थोडाथोडा मी तिच्यासोबत बघावा, एवढाच तिचा हट्ट.

"ज्या जपानी चित्रकथेवरून तो काढलाय, ती मूळ मांगा आधी वाचेन," मी म्हणालो. "दुसऱ्यांनी चघळलेला चोथा मला चालत नाही."

तिने बारा खंड आणून ठेवले. "बाबा, वाचताना एक लक्षात ठेव, हे—"

"वाचायला तू मला शिकवणार?"

तिने पहिला खंड माझ्यापुढे सरकवला.

मुखपृष्ठ चक्क मागच्या बाजूला. बाइंडरांचा असला गाढवपणा मला नवा नाही. पानांचे आकडे धरून मी मागून पुढे वाचत गेलो. आणि काय ती शैली! उत्तर आधी, प्रश्न नंतर. मुलगी आधी रडते, मग बाप चपराक मारतो. "याला म्हणतात खोली," मी रोज जेवताना ऐकवायचो. "तुमच्या ॲनिमेवाल्यांच्या सात पिढ्यांना जमायचं नाही." ती मान खाली घालून जेवायची.

शनिवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती तोच ॲनिमे बघत होती. मी पेपराआडून एक तुच्छ नजर टाकली. दहाव्या मिनिटाला पेपर मांडीवर आला. बापाने चपराक मारली, मुलगी रडली, आणि मीच पेपराच्या कोपऱ्याने डोळे टिपले. लाज वाटली, पण मांगापेक्षा हे मला शंभरपटीने आवडलं.

"ठीक आहे," मी खाकरलो. "बाळबोध आहे. मांगात ती आधी रडते."

तिचे हात थांबले. तिने तिसरा खंड आणला, ते पान काढलं आणि उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं. मग उर्दू वाचल्यासारखं बोट डावीकडे सरकवलं. चपराक. रडू.

बारा खंड, आणि एकूणएक चौकट मी उलटी वाचलेली! प्रेसमध्ये दुसऱ्या कुणी असली चूक केली असती, तर मी त्याची सालटी काढली असती.

"आधी सांगायचं नाही का?"

"सांगत होते."

मी उगाचच चष्मा पुसला. "पहिला भाग लाव. दोघं बघू."

"चोवीस भाग आहेत, बाबा," ती म्हणाली. "माझी गाडी उद्या सकाळी सातची आहे."

आणि तिने पुढची घडी घातली.