लांबच्या झाडांना झोळी

सूनबाई सोफे, खुर्च्या, गाडीच्या सीटा असलं सगळं शिवायची. दुकान तिचं स्वतःचं होतं आणि गिऱ्हाइकाला ‘नाही जमणार’ म्हणणं तिला माहीत नव्हतं. म्हणून सुट्टीत तळ्याकाठी तंबू लावून राहायचं ठरलं, आणि सासऱ्यांनी ‘मला जमिनीवर झोपून उठता येत नाही, तुम्ही दोघं जा’ असं सांगून टाकलं, तेव्हा तिनं वाद घातला नाही. मांडवाचं जाड कापड होतं, त्याची तिनं झोळी शिवली. दोन झाडांना बांधायची, हॅमक म्हणतात तशी. दोन्ही टोकांना दुहेरी शिलाई, त्यात कडी.

“नाना, आता जमिनीचा प्रश्नच नाही,” ती म्हणाली. “तुम्ही अधांतरी.”

नानांनी झोळीकडे पाहिलं आणि नुसतं ‘हं’ केलं. वर्षभर त्यांचं बोलणं एवढंच उरलं होतं. सगळं आयुष्य त्यांनी नदीतल्या प्रवासी बोटीवर काढलं. बोट धक्क्याला लावायची, दोर फेकायचा, बांधायचा, सोडायचा. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. जीभ शाबूत होती, चालणं सुधारलं होतं, पण हात कोपरापासून लोंबतच राहिला. तेव्हापासून नानांनी दोराला हात लावला नव्हता. बुटाची नाडीही नको म्हणून पट्ट्याच्या चपला घालायचे.

निघायला उशीर झाला, त्यात सूनबाईचा नवरा रस्ता चुकला. त्याचं घरातलं नाव बाब्या, पण दारातून आत यायचा तर दार भरून जायचं असा अगडबंब माणूस. ते पोहोचले तेव्हा जवळजवळच्या झाडांच्या सगळ्या जागा गेल्या होत्या. तंबूंच्या मैदानाच्या व्यवस्थापकानं त्यांना अगदी कडेची जागा दाखवली. जागा सुरेख होती, समोर उघडं तळं. झाडंही दोनच, जाडजूड. पण एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला.

बाब्यानं झोळीच्या कड्यांना लावलेले पट्टे हातात धरले, एका झाडाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

“यांचं आपसात पटत नाही वाटतं,” तो म्हणाला. “एक टोक गाडीला बांधू या का?”

“गाडी हलली म्हणजे नाना फिरायला निघतील. दोर आण.”

सोफे टपावर बांधायचा लांब दोर गाडीत कायम असायचा. सूनबाईनं त्यातून दोन तुकडे कापले, झोळीच्या दोन्ही बाजूंना जोडले आणि दोर छातीच्या उंचीवर थेट खोडांना गुंडाळले. मग नवरा-बायकोनं मिळून असा काही जोर लावला की झोळी पट्टीसारखी सरळ झाली. तिनं दोरावर टिचकी मारली. टणटण वाजला.

“बघा नाना! सोफ्याची बैठकसुद्धा अशी बसत नाही. बस रे बाब्या.”

बाब्या बसला. क्षणभर सगळं ठीक होतं. मग कुठंतरी करकर आवाज झाला आणि बाब्या अगदी सावकाश, लिफ्टमधून उतरावं तसा, खाली येऊ लागला. गाठ सरकत होती. त्याचं बूड गवताला टेकलं तरी काय झालंय ते चेहऱ्यापर्यंत पोहोचलं नव्हतं.

मागून खोखो आवाज आला. नाना घडीच्या खुर्चीत बसून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. बाब्या गवतात बसल्या बसल्याच बायकोकडे बघायला लागला. हा आवाज त्या दोघांनी फार दिवसांत ऐकला नव्हता.

सूनबाई झाडापाशी गेली. दोरानं सालीवर चांगलाच वळ उमटवला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि तडक नानांच्या समोर येऊन उभी राहिली.

“हसता काय? चुकलं कुठं ते सांगा.”

“सगळंच चुकलं.” नानांनी डोळे पुसले. हसू ओसरलं. “सांगून काय होतं? हातानं करून दाखवायची गोष्ट आहे ती.”

“मग दाखवा.”

“कशानं?”

“तुमचा डावा आहे. उजवा माझा घ्या. एका गाठीला दोन हात पुरे होतात ना?”

ही बाई आता हटणार नाही, हे नानांना तिच्या दुकानातल्या वागण्यावरून ठाऊक होतं. ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले.

“आधी तो दोर सोडा. दोघं दोन टोकं धरा. ताठ ओढा. आणखी.”

दोघांनी पाय रोवून दोर ओढला. नानांनी मधोमध डाव्या हाताची दोन बोटं ठेवली आणि खाली दाबली. सूनबाई पुढे खेचली गेलीच, पण बाब्याही एक पाऊल हलला.

“आता ढिला सोडा. पोट येऊ दे त्याला.” दोर मध्ये लोंबला. नानांनी त्यावर अख्खा पंजा ठेवून भार टाकला. दोघं जागच्या जागी उभे. “कळलं? जितका ताठ, तितका तो गाठीला आणि झाडाला ओरबाडतो. झाडं लांब असली की दोर उंच बांधायचा आणि खाली येऊ द्यायचा. ताणायचा नाही.”

सूनबाईला पटलं. पण तिचं डोकं पुढं धावत होतं.

“उंच बांधला, तर एवढ्या लांब दोरात झोळीला नीट पोट येईल याचा काय भरवसा? कधी सपाट होईल, कधी पिशवीसारखी मिटेल.” ती थांबली. “मी झोळीच्या एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत वरून एक दोरी बांधते. झोळीच्या लांबीपेक्षा थोडी कमी. मग दोन टोकांतलं अंतर कायम. झाडं कुठंही असू देत, झोळीचा बाक तोच राहील.”

नानांनी मनातल्या मनात ती दोरी बांधून पाहिली.

“हे मला सुचलं नसतं,” ते म्हणाले. “बोटीवर दोरावर कुणी झोपायला येत नाही.”

मग कामाला वेग आला. उरलेल्या दोरातून कडी ते कडी दोरी बांधून झाली. सालीला इजा नको म्हणून सूनबाईनं सोफ्याच्या बैठकीखाली मारतात तो रुंद पट्टा काढला आणि गाडीतल्या स्टुलावर चढून दोन्ही खोडांना हात पोहोचेल तितक्या उंच वेढला. त्यात दोर अडकवला. उरली झोळीच्या कडीशी जोडायची गाठ.

ती नानांच्या उजव्या अंगाला उभी राहिली आणि आपला डावा हात पाठीमागे घेतला. नानांनी डाव्या हातानं दोराचा एक लहान फेरा केला.

“टोक घे. कडीतून काढलंस? आता फेऱ्यातून वर. खालून वर! वरून नाही, खालून म्हणतोय!”

“ऐकू येतंय मला. ओरडू नका.”

“बोटीवर हळू बोलणाऱ्याचं कोण ऐकतं? वर आलं? आता लांब दोराच्या मागून वळसा. परत त्याच फेऱ्यातून खाली. सोडू नकोस!”

तिनं सोडलं. फेरा विस्कटला. नानांनी एक ठेवणीतली शिवी हासडली आणि लगेच “तुला नाही, दोराला” म्हणाले. सूनबाईला हसू आवरेना. पुन्हा फेरा. या वेळी त्यांची बोटं तिच्या बोटांवर आली, एकदा तिनं त्यांचा अंगठाच दोरात आवळला, पण टोक खाली आलं. नानांनी त्यांच्या बाजूनं ओढलं, तिनं तिच्या. गाठ चापून बसली.

“आता कितीही भार येऊ दे. घट्टच होईल. आणि भार काढला की सहज सुटेल.”

दुसरी गाठ पहिल्याच खेपेला बसली. तिथं कुणी ओरडलंही नाही.

“बाब्या, ये.”

“माझा आता कुणावरच विश्वास राहिलेला नाही,” बाब्या म्हणाला, पण आला. बूड टेकवलं, पाय उचलले. दोर थोडे कुरकुरले आणि थांबले. बाब्या मधोमध लोंबला, जमिनीपासून चांगला वर. त्यानं हळूच एक झोका घेतला, मग मोठा.

“उतर,” नाना म्हणाले. “माझी आहे ती.”

बसायला त्यांना दोघांचा आधार लागला. सूनबाईनं झोळीची कड धरली, बाब्यानं त्यांचे पाय वर उचलले, आणि ती सांगत होती तसे नाना किंचित तिरके झाले. तिरकं निजलं की पाठ सपाट राहते, हे तिनं शिवतानाच ताडलं होतं. नानांनी निर्जीव हात छातीवर ठेवला. वर फांद्या होत्या, पायाशी तळं. त्यांनी डोकं इकडेतिकडे हलवून पाहिलं. मग म्हणाले, “डोक्याकडची बाजू चार बोटं वर घ्या.”

घेतली.

“आता दोन बोटं खाली.”

“नाना!” बाब्या ओरडला.

पण सूनबाईनं दोन बोटं खाली घेतली. काम बरोबर झालंय की नाही ते वापरणाऱ्यालाच कळतं, असं ती दुकानातही म्हणायची. नाना जेवणापर्यंत तिथेच डुलत राहिले आणि जेवायलाही मोठ्या नाइलाजानं उतरले.

सकाळी ती तंबूतून बाहेर आली तेव्हा झोळी रिकामी होती. नाना घडीच्या टेबलाशी बसले होते. दोराचा उरलेला तुकडा त्यांनी टेबलाच्या पायाला घातला होता. डाव्या हातानं फेरा धरायचा, टोक दातांत पकडायचं आणि मान वळवून ते फेऱ्यातून खेचायचं, असा उद्योग चालला होता. टोक निसटलं. नाना दोराला काहीतरी बोलले आणि पुन्हा फेरा केला.

बाब्या मदतीला पुढे सरसावला. सूनबाईनं त्याची बाही धरली.

“तू चहा टाक.”

“अगं, पण त्यांना जमत नाहीये.”

“जमेल,” ती म्हणाली आणि चुलीसाठी काटक्या गोळा करायला निघून गेली.