धर्मराज मास्तरांच्या गळ्यातली टेप

मी टेप बोलतेय. शिंप्याची, कापडी, पिवळी. आकडे पुसट झालेत, टोकांच्या पितळी पट्ट्या मात्र शाबूत आहेत.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात धर्मराज मास्तरांनी मला विकत घेतलं आणि दुकानातच गळ्यात घातलं. तेव्हापासून तीच माझी जागा. मानेची ऊब, खडूचा वास. ते हसले की मी हलायचे. विठ्ठलवाडीच्या घरी जेवायला बसले तरी मला काढायचं विसरायचे.

"आमटीत बुडेल हो तुमची लाडकी!" वेणूवहिनी म्हणायच्या.

मास्तरांच्या कारखान्यात शाळेच्या पँटी शिवतात. मास्तर तिथले मुख्य कारागीर. कापडी टेप वापरून वापरून लांबते, म्हणून त्यांनी शिस्त लावली होती. सोमवारी प्रत्येकाने आपली टेप लोखंडी पट्टीशेजारी ठेवून तपासायची, मगच कापडाला हात लावायचा. सगळ्या टेपा पट्टीजवळ जायच्या, मी सोडून.

"माझी टेप कशाला चुकेल?" मास्तर म्हणायचे. मला केवढा अभिमान वाटायचा!

आणि मी मात्र लांबत होते. रोज थोडी थोडी, माझ्याही नकळत.

शाळा उघडायच्या तोंडावर कारखान्याचे मालक शेठ एक पँट हवेत नाचवत आले. "मास्तर, ये देखो! एक पँट में दो बच्चे आ जाएँगे. किसने काटा?"

सगळ्यांनी बकुळाकडे पाहिलं. खुणा मास्तर करायचे, कापायची ती.

"मी खुणेवरच कापलं हो," ती पुटपुटली.

"तो क्या पँट अपने आप फूल गई? कल से मत आना."

बकुळाने कात्री खाली ठेवली. मग मास्तरांनी मला गळ्यातून काढलं आणि सगळ्यांसमोर लोखंडी पट्टीशेजारी सरळ धरलं. माझे तीस इंच पट्टीच्या तिसाच्या कितीतरी पुढे गेले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शेठ, खुणा माझ्या. सगळ्यांच्या टेपा तपासल्या, माझीच तपासली नाही. बकुळा कुठे जाणार नाही. पँटी मी उसवून नीट करून देतो."

"अरे, तो टेप की गलती बोलो ना!"

"टेपला काय कळतं? गळ्यात तर मीच घातली होती."

शेठ कुरकुरत गेले. बकुळाने कात्री पुन्हा उचलली.

त्या संध्याकाळी घरी पाण्याचं पिंप कोरडं होतं. एरवी मास्तर दारातूनच ओरडायचे, "कोण विसरलं?" मग वेणूवहिनी आणि लेक किर्ती एकमेकींकडे बघायच्या. त्या दिवशी मास्तर म्हणाले, "सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा पिंप मी भरायचं होतं. मीच विसरलो."

"बाई गं! आज सूर्य पश्चिमेला, कल्याणच्या बाजूने उगवला की काय?" वहिनी हसल्या. किर्ती हसली नाही. ती बाबांकडे बघतच राहिली, आणि मग हंडा घेऊन त्यांच्याबरोबर शेजाऱ्यांकडे पाणी मागायला गेली.

आता मी घरी दाराजवळच्या खिळ्यावर असते. मास्तरांच्या गळ्यात नवी टेप आहे. सोमवारी सगळ्यांच्या आधी तीच पट्टीशेजारी ठेवतात म्हणे. बरोबरच आहे ते. पण रोज सकाळी ते चपला घालायला वाकतात, तेव्हा त्यांची मान माझ्यापासून वीतभरच असते.

मास्तर, मी चुकीचं मोजते, हे मला पटलंय. कापडाजवळ मला नेऊच नका. पण एखाद्या सुट्टीच्या दिवशी, काहीही मोजायचं नसताना, मला एकदा गळ्यात घालाल?